बारकीची रांग

थोरलीला बारकी डोळ्यांत खुपायला लागली त्याला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती, पण सांगायचं कुणाला? बारकी तिची धाकटी जाऊ. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला कॉम्प्युटरचं जुजबी येत होतं. थोरलीनंच तिला शेजारी खुर्ची ओढून बसवलं, कोड लिहायला शिकवलं आणि वर आपल्याच ऑफिसात चिकटवून दिलं. "माझी जाऊ आहे, हुशार आहे, पश्चात्ताप व्हायचा नाही," असा सरांकडे शब्दही टाकला. सरांना पश्चात्ताप झाला नाही. तो थोरलीच्या वाट्याला आला.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खिडकी उघडली की रबराचा वास, बंद केली की माणसांचा. तिथे दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. पेशंटनं नंबर घ्यायचा, बाकावर बसायचं, भिंतीवरच्या बोर्डावर आपला आकडा लागला की आत जायचं, एवढाच मामला. या सॉफ्टवेअरची पहिली ओळ आपण लिहिली असं थोरली सांगे आणि ते खरंही होतं. पण पहिल्या ओळीचं कौतुक कुणाला? लोक नाव घ्यायचे ते बारकीच्या रांगेचं.

बारकीची रांग म्हणजे त्या सॉफ्टवेअरचा एक भाग. डॉक्टर उशिरा आले, एखादा पेशंट चहा प्यायला जाऊन तिकडेच रमला, मध्येच कुणी रक्तबंबाळ होऊन आला, तरी हा भाग सगळी रांग अशी काही नव्याने लावायचा की बाकावर भांडण म्हणून होत नसे. दवाखान्यातली माणसं भेटायला आली की हमखास विचारत, "ती रांग कुणी केली हो?" मग सर लग्नघरातल्या यजमानासारखे कौतुकानं बारकीकडे हात करत. बारकी खाली बघे आणि बाटली उचलून पाणी भरायला जाई. काय तो विनय! थोरलीला वाटे, विनयाचं नाटकसुद्धा हिला माझ्यापेक्षा बरं जमतं.

तर एका सकाळी सर बूट काढून, नुसत्या मोज्यांवर थोरलीच्या टेबलापाशी आले. काही अडचणीचं बोलायचं असलं की त्यांना बूट चावत.

"ताई, ते मोठं हॉस्पिटल नवी आवृत्ती मागतंय. पण आधी विचारतायत की जुनी करायला किती तास लागले."

"कुणी मोजलेत?"

"कुणीच नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलो. आपली हिस्ट्री आहे ना, त्यातून काढता येईल अंदाज?"

"येईल की."

"आणि माणसागणिक काढा. नव्या कामाला प्रमुख नेमायचाय. त्याजोग्या तुम्ही दोघीच आहात, आणि मला दोघींपैकी एकीला नाही म्हणायचंय. ज्यानं जास्त वेळ दिला त्याचा हक्क पहिला, असं म्हटलं की माझ्यावर काही येत नाही." एवढं बोलून सर हलके होऊन गेले. शर्यतीत धावणाऱ्या बाईच्याच हातात आपण घड्याळ दिलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

प्रमुखपद थोरलीला हवं होतं. हवं होतं म्हणजे असं हवं होतं की पाणी पितानाही आठवावं. बारा वर्षं तिनं या सॉफ्टवेअरची धुणी-भांडी केली होती, आणि उद्या बारकीच्या हाताखाली बसून "हे असं करू का गं?" विचारायचं, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

आता ही हिस्ट्री म्हणजे काय ते सांगायला हवं. ऑफिसातलं सगळं काम एका सामायिक जागी साठवलेलं असतं. कुणी त्यात काही बदल करून ठेवला की त्याला म्हणायचं कमिट. प्रत्येक कमिटला नाव, तारीख, वेळ आपोआप चिकटते, आणि काय केलं त्याची एक ओळ करणाऱ्यानं लिहायची. म्हणजे माणूस ठेवून कधी गेला ते कळतं, पण बसला कधी होता ते कळत नाही. ते अंदाजानं काढायचं. एकाच माणसाच्या दोन कमिटमध्ये दोन तासांपेक्षा कमी अंतर असेल, तर मधला सगळा वेळ तो कामालाच बसला होता असं धरायचं. अंतर त्याहून जास्त असेल, तर तो उठून गेला आणि पुन्हा येऊन बसला असं धरायचं, आणि प्रत्येक नव्या बैठकीच्या सुरुवातीला अर्धा तास पदरचा द्यायचा. सगळीकडे साधारण असंच करतात.

थोरलीनं दुपारपर्यंत तशी स्क्रिप्ट, म्हणजे हे मोजणारा छोटासा प्रोग्राम, लिहिली, चालवली, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बारकी पुढे होती. थोडीथोडकी नाही, चांगली पुढे. बारा वर्षं राबलेली मागे आणि पाच वर्षांपूर्वी आलेली पुढे!

कारण तिच्या लगेच ध्यानात आलं. बारकीला उठसूट कमिट करायची खोड. बटणाचा रंग बदलला, कर कमिट. शिंक आली, कर कमिट. त्यामुळे तिचा दिवस कसा सलग दिसायचा. थोरलीची रीत खानदानी. सकाळभर डोकं खाजवायचं, काम नीट धुऊन-पुसून घ्यायचं आणि जेवणाआधी एक कमिट; दुसरं संध्याकाळी निघताना. दोन्हींमध्ये पाच-सव्वापाच तासांची फट. स्क्रिप्टच्या लेखी ती फट म्हणजे थोरली कुठेतरी हिंडायला गेली होती! दिवसभराच्या डोकेफोडीला पदरच्या अर्ध्या-अर्ध्या तासाची भीक. त्यातून सुरुवातीच्या वर्षांत तर ती आठवड्याला एखादंच कमिट करायची. ती सगळी उमेदीची वर्षं चिमटीत मावतील एवढी झाली होती.

शेजारच्या कोपऱ्यात बारकी खाली मान घालून टकटकत होती. तिच्या प्रत्येक टकटकीत थोरलीला एक कमिट ऐकू यायला लागलं.

मग थोरलीनं जे केलं ते काही फार मोठं पाप नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. दोन तासांची मर्यादा काही दगडावरची रेघ नव्हे. तिनं ती तीन तास करून पाहिली. बारकी पुढे. चार केली, तरी बारकी पुढे. सहा केली तर बारकी आणखीच पुढे, कारण बारकी पोरासाठी दुपारीच घरी पळायची आणि संध्याकाळी पुन्हा कामाला बसायची, आणि सहा तासांची सूट दिली की मधला पोराला भरवण्या-निजवण्याचा वेळही ऑफिसच्या खात्यात जमा व्हायचा. शेवटी साडेपाचवर गाडी थांबली. साडेपाच तास धरले की थोरलीच्या दिवसातली फट बुजायची आणि बारकीच्या संध्याकाळा मात्र बाहेरच राहायच्या. थोरली पुढे, एका केसानं का होईना, पण पुढे.

घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि पेपर तपासताना चहा गार करून प्यायचा.

"अहो, समजा एखाद्या माणसाच्या दोन कामांमधलं अंतर साडेपाच तासांपर्यंत असलं, तर तो सलग कामात होता असं म्हणता येईल ना?"

"साडेपाच?" त्यानं वर पाहिलं. "कुठून आला हा आकडा?"

"अनुभवातून."

"अनुभवाचे आकडे पाच असतात नाही तर सहा. साडेपाच म्हणजे कुणीतरी उत्तर आधी बघून ठेवलंय. माझी पोरं असंच करतात."

"तुमच्या पोरांना जाऊ नसते," असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण ती नुसती "चहा गार होतोय" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, बारकीचे एवढे तास झाले कधी, ते तरी बघावं. तिनं महिन्यागणिक तासांच्या आलेखाचे खांब काढले. बारकीचे खांब बसक्या घरांसारखे एका उंचीचे होते, आणि मध्येच एक खांब असा काही वर गेला होता की बाकीचे त्याच्या सावलीत यावेत. तीन वर्षांपूर्वीचा एकच महिना. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमिटवर कमिट. त्यांच्या ओळीही घाईच्या, "पुन्हा", "रांग परत", "आता बघू", "छे". एखादा माणूस झपाटल्यासारखा कामाला लागला होता. बारकीच्या रांगेचा जन्म त्याच महिन्यातला.

इतक्या दिवसांत थोरलीनं तो भाग कधी उघडून नीट वाचला नव्हता. मत्सराचं एक असतं, ज्याच्यावर जळायचं ते जवळून बघायचं नाही, म्हणजे जळायला मोकळीक राहते. आज ती वाचायला बसली ते चुका काढायच्या तयारीनं. पहिल्या पानावर तिला चूक मिळाली नाही. दुसऱ्यावर मिळाल्यासारखी वाटली, पण पुढे चार ओळींवर तिची सोय करून ठेवलेली होती. उठून गेलेल्या पेशंटला रांगेतून काढायचं नाही, त्याची जागा धरून ठेवायची आणि तो परतला की त्याच्या मागच्या कुणाचंही एकाच नंबरापेक्षा जास्त नुकसान होणार नाही असं त्याला आत घ्यायचं. केवढी साधी गोष्ट! पण बाकावर ताटकळलेल्या माणसाचं मन ज्यानं पाहिलंय त्यालाच ती सुचली असती. कुठे हुशारी दाखवलेली नाही, कुठे नटवेपणा नाही. वाचता वाचता थोरलीची मान आपोआप हलायला लागली, गाणं ऐकताना हलते तशी, आणि ते लक्षात येताच तिनं ती ताठ केली.

तिचं जेवणात लक्ष लागेना. आजवर तिला वाटत होतं की बारकीचं नशीब थोर, तोंड गोड आणि सर भोळे. आता कळलं की बारकी खरंच मोठी आहे. हे मला का नाही सुचलं, हा एकच प्रश्न डोक्यात घोंघावत राहिला. शिकवलेली पोरगी आपल्या पुढे गेली, आणि आपल्याला पत्ताही नाही. नशिबावर जळण्यात निदान एक मजा असते. गुणावर जळायचं म्हणजे आतून नुसती आग, आणि ती विझवायला कुणी नाही.

हरलो हे कळल्यावर माणसानं सरळ हरावं. पण थोरली इरेला पेटली. काम तुझं चांगलं असेल बाई, पण वेळ माझा जास्त आहे, असं म्हणत तिनं साडेपाच तासांचा हिशेब सरांना पाठवून दिला. सरांचं लगेच उत्तर आलं, "छान. तुम्हीच पुढे आहात. उद्या जाहीर करू." थोरलीनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचूनही आनंद झाला नाही, तेव्हा तिनं खिडकी उघडली आणि रबराचा वास घेत उभी राहिली.

त्या संध्याकाळी घरी फुगे फुगवायचं काम निघालं. बारकीचा मुलगा दुसऱ्या दिवशी तीन वर्षांचा होणार होता. खालच्या मजल्यावर थोरली राहायची, वर बारकी, आणि सासूबाई मनाला येईल तिथे. आज त्या खाली होत्या, आणि फुग्यांना दोरा बांधता बांधता मोबाइलमधले जुने फोटो बघत होत्या.

"हे बघ गं, थोरले. एवढासा होता. हाताच्या ओंजळीत मावला असता. महिनाभर काचेच्या पेटीत ठेवलेलं पोर, आणि आता बघ, घर डोक्यावर घेतो."

"हं," थोरली फुग्यात हवा भरता भरता म्हणाली.

"ही बारकी तर त्या पेटीपासून हलायची नाही. महिनाभर घर नाही, दार नाही. तू डबे पोचवत होतीस म्हणून दोन घास पोटात गेले तिच्या."

थोरलीच्या हातातला फुगा सुटला आणि फर्रकन खोलीभर हिंडून सासूबाईंच्या मांडीवर पडला.

"अगं, लक्ष कुठाय तुझं?"

थोरलीचं लक्ष त्या उंच खांबावर होतं. तोच महिना. बारकी हॉस्पिटलात काचेला नाक लावून बसली होती, ऑफिसात तिनं पाऊलही टाकलं नव्हतं. मग तिच्या नावानं दिवसभर कमिटवर कमिट करत कोण बसलं होतं?

तिला ती खुर्ची आठवली. एक हात तुटलेली, बारकीच्या कोपऱ्यातली. चाचणीचा बोर्ड त्याच मशीनला जोडलेला होता, आणि केलेला बदल कमिट केल्याशिवाय त्या बोर्डावर दिसतच नसे. म्हणून दर थोड्या वेळानं कमिट करायचं, बोर्डाकडे बघायचं, "छे" म्हणायचं. बारकी पोटुशी असताना अर्धवट टाकून गेलेलं काम, दवाखान्याचा तगादा, आणि मधल्या सुट्टीत डबा घेऊन पळायचं. डबा देऊन तिथल्या बाकावर बसायचं, आपला नंबर कधी लागतोय म्हणून ताटकळलेली माणसं बघायची. सगळा महिना तिच्या आठवणीत धुक्यासारखा होता. पडेल ते काम केलं, ठिगळं लावली, पुढे बारकीनं येऊन नीट केलं असेल, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. मशीन बारकीचं, म्हणून चिकटलं ते बारकीचं नाव.

म्हणजे इतके दिवस ती जिच्यावर जळत होती ती थोरलीच होती. जिच्यापुढे मनातून हरली तीही थोरलीच. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता साडेपाच तास आठवले, तेव्हा तिनं फुगे बाजूला सारले.

ती वर गेली. पोर झोपलं होतं. बारकी पलंगावर बसून त्याच्या छोट्या छोट्या कपड्यांच्या घड्या करत होती.

"अगं, तुझी ती रांग," थोरली दारातूनच म्हणाली, "ती मी केलीय."

बारकीनं घडी पुरी केली. मग म्हणाली, "माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"परत कामावर आले त्या दिवसापासून. ताई, मी सहा महिने त्याच एका गोष्टीवर डोकं आपटत होते. तुम्ही डबे पोचवता पोचवता ती महिन्यात उरकून टाकलीत, आणि तुम्हाला त्याचं काही वाटलंही नाही. सगळे म्हणायचे, किती नशीबवान गं तू, अशी जाऊ मिळाली. मी नशीबवान नव्हते हो. मी जळत होते."

थोरली पलंगाच्या कडेवर टेकली. जळण्याचा हक्क फक्त आपलाच आहे असं इतके दिवस तिला वाटत होतं.

"आणि गप्प बसलीस."

"बसले. आधी वाटलं, उद्या सांगू. मग लोक शाबासकी द्यायला लागले. दुसऱ्याची असली तरी गोड लागते ती. मग ठरवलं, असं एक तरी काम आपण करून दाखवू आणि मगच सांगू. म्हणून तर मरमर मरत होते दिवसभर, बटणाचा रंग बदलला तरी कमिट करत. झालं काहीच नाही." तिनं एक मोजा उचलला, त्याची जोडी शोधली. "आज दुपारी सरांना सांगायला गेले होते. गेले तर त्यांच्यासमोर तुमचा हिशेब उघडलेला."

थोरलीनं पलंगावरचा एक सदरा उचलला आणि त्याची उलटीच घडी घातली.

"सरांनी मला विचारलं, हे साडेपाच तास धरायची पद्धत आहे का? मी म्हटलं, हो, असंच धरतात."

"तुला कळलं नाही?"

"ताई, मला तुम्ही शिकवलंय. सर तुमच्याशी बोलले ते मी कोपऱ्यातून ऐकलं होतं, आणि कालच मोजून पाहिलं होतं, दोन तास धरून. तो महिना माझ्यातून काढून तुमच्याकडे टाकला. तुम्हीच पुढे होतात, आणि चांगल्या पुढे."

खाली सासूबाईंच्या हातून एक फुगा फुटला. दोघी दचकल्या, पोर मात्र हललं नाही.

"मग हो कशाला म्हणालीस?" थोरलीचा आवाज चढला. "सांगायचंस की माझी लबाडी आहे म्हणून!"

"एकदा तरी तुमच्यावर माझे उपकार असावेत म्हणून," बारकी म्हणाली, आणि आता तिचाही आवाज साधा राहिला नव्हता. "काम तुम्ही शिकवलंत, नोकरी तुम्ही दिलीत, पोर काचेत होतं तेव्हा माझी खुर्चीही तुम्हीच सांभाळलीत. माणसानं नुसतं घेतच राहायचं का हो? एकदा तरी तुम्ही माझ्याकडून घ्या, आणि बघा कसं लागतं."

थोरलीनं घेतलं आणि पाहिलं. फार वाईट लागलं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. सर आले, बूट काढायच्या आतच तिनं त्यांना गाठलं.

"सर, तो साडेपाच तासांचा आकडा पद्धतीचा नाही. मी पुढे यावं म्हणून बसवलेला आहे. दोन तास धरतात."

सर खुर्चीत बसले. "आणि दोन तासांनी?"

"दोन तासांनी बारकी पुढे. पण त्यात एक महिना तिच्या मशीनवर मी बसले होते. नाव मशीनचं लागलं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. रांगेचं काम त्याच महिन्यातलं. तो माझ्याकडे धरला तर मी पुढे."

सरांनी हे सगळं मनाशी पुन्हा लावून पाहिलं. त्यांचा चेहरा बाकावर बसून नंबर चुकलेल्या पेशंटसारखा झाला.

"म्हणजे खरं मोजलं असतं तरी तुम्हीच होतात?"

"हो."

"मग ताई, हे साडेपाच कशाला?"

"मला कुठे माहीत होतं सर, की ती मीच आहे म्हणून!"

सरांना हसावं की रागवावं ते कळेना. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "पण मी तुमच्या जावेला विचारलं होतं काल. ती तर म्हणाली, असंच धरतात."

हीच ती घडी होती. तिलाही ठाऊक होतं सर, आणि तरी ती खोटं बोलली, एवढं एक वाक्य टाकलं असतं की दोघी एकाच पायरीवर आल्या असत्या, आणि एका पायरीवर आल्या असत्या तर तासांच्या जोरावर प्रमुखपद थोरलीचं होतं. वाक्य जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. थोरलीला ते पद अजूनही हवं होतं, कालच्यापेक्षा जास्त हवं होतं, कारण आता ते हक्काचं होतं.

"ती मला घाबरते, सर," ती म्हणाली. "मी जे धरलंय त्याला ती नाही कशी म्हणेल?"

झालं फिट्टंफाट, असं ती मनात म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सरांनी पेन उघडलं, मिटलं. "ताई, रांगेचं श्रेय तुमचंच, ते मी हॉस्पिटलला कळवीन. पण प्रमुखाचं निम्मं काम म्हणजे समोरच्याला आकडे देणं. किती दिवस लागतील, कुठे चुकलं, किती उशीर होईल. तुम्ही आज खरं सांगितलंत, पण काल मी तुमच्या आकड्यावर सही करणार होतो." त्यांनी मान खाली घातली. "मी बारकीला देतो."

"द्या," थोरली म्हणाली.

अकरा वाजता सरांनी जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोरलीनंही वाजवल्या, तळहात दुखेपर्यंत. बारकी या वेळी पाणी भरायला गेली नाही. ती तडक थोरलीच्या टेबलापाशी आली, चेहरा लाल.

"सर म्हणतात, मी तुम्हाला घाबरते!"

"मग काय सांगायला हवं होतं?"

"मी नाही घाबरत तुम्हाला."

"बरं, नको घाबरूस."

"आणि हे पद मला असं नको होतं. तुम्ही दिल्यासारखं."

"मी नाही दिलं गं. दिलं असतं तर बरं वाटलं असतं मला." थोरलीनं तिच्याकडे सरळ पाहिलं. "माझ्या हातून गेलं ते, आणि तुला मिळालं. मला ते हवं होतं. आता तू त्या खुर्चीवर बसशील, आणि रोज बघून माझा जीव जळेल. तोंडावर सांगून ठेवते."

बारकीनं शेजारची खुर्ची ओढली आणि धपकन बसली. बसून एक मोठा सुस्कारा टाकला, पाठीवरचं ओझं उतरवून ठेवल्यावर टाकतात तसा.

"जळा, ताई," ती म्हणाली. "तीन वर्षं मी जळले. आता तुमची पाळी."